सर्टिफिकेट नको, काहीतरी बनवून आण



परीक्षा संपल्या की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. गच्चीवर पापड आणि मोबाइलवर शिबिरांची पत्रकं. या आठवड्यात माझ्याकडे सात पत्रकं आली. रोबोटिक्स, कोडिंग, अ‍ॅनिमेशन, थ्रीडी, एआय, सगळं दहा-बारा दिवसांत, वय दहा ते सोळा, शेवटी सर्टिफिकेट. तुमच्यापैकी तिघींनी विचारलं, "भाभी, पाठवू का?" एकेकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहिते. थोडं लांबेल, दुपारची आवराआवर झाली की वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. पाठवा. मुलाला पाठवा आणि मुलीला तर नक्कीच पाठवा. पण पैसे भरण्याआधी एवढंच विचारा, की शेवटच्या दिवशी माझं मूल घरी काय घेऊन येणार? उत्तर "सर्टिफिकेट" असं आलं तर त्या पैशांचे आंबे आणा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. २०२४ च्या मे महिन्यात धाकट्याला मी अशाच एका शिबिरात घातलं होतं. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. फी साडेचार हजार, मिनिडोरचं भाडं वेगळं. बारा दिवस पोरगं उड्या मारत जायचं. जमिनीवरची काळी पट्टी ओळखून तिच्यावरून चालणारी चार चाकांची गाडी ते बनवत होते. शेवटच्या दिवशी आम्हा आईबापांना बोलावलं. गाड्या पट्टीवरून वळणं घेत चालल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढले. मग सरांनी सगळ्या गाड्या गोळा केल्या आणि सुट्या करून खोक्यात भरल्या, कारण किट क्लासचं होतं, पुढच्या बॅचला लागणार होतं. धाकटा घरी आला तो सर्टिफिकेट घेऊन. त्यावर आडनाव चुकीचं.

रात्री मी सहज विचारलं, "काय रे, गाडीला पट्टी कळते कशी?" तो म्हणाला, "सरांनी प्रोग्राम टाकला होता." बारा दिवसांत पोराला इतकंच कळलं होतं. मला स्वतःला ते पुढच्या वर्षी कळलं, एका मुलीने समजावलं तेव्हा. गाडीच्या पोटाखाली एक छोटा दिवा असतो, त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पांढऱ्या जमिनीवरून तो उजेड परत फिरतो, काळी पट्टी तो गिळून टाकते. उजेड परत आला नाही म्हणजे खाली पट्टी आहे, एवढीच ती युक्ती. काळी साडी उन्हात जास्त तापते हे ज्या बाईला माहीत आहे तिला हे दोन मिनिटांत समजतं. त्या शिबिरात ही दोन मिनिटं कुणी दिली नाहीत.

आता खरी गोष्ट. त्या वर्षी मोठीलाही जायचं होतं. ती आठवी संपवून नववीत जाणार होती. तिला मी पाठवलं नाही. कारणं माझ्याकडे भरपूर होती. वर्ग संध्याकाळी सहा ते आठ, म्हणजे चोविहार चुकणार. (धाकट्याचा रोज चुकत होता, ते मला चाललं. हे आज लिहिताना लक्षात येतंय.) हायवेचं वर्षानुवर्षं चाललेलं काम, खांबच्या नाक्यावरचा अंधार, रात्री मिनिडोरमध्ये कोण बसलंय काय माहीत. शिवाय घरात लग्नाचं काम, मदतीला कुणीतरी हवंच. ती काही बोलली नाही. "बरं मम्मी" म्हणाली आणि पापड लाटायला बसली. भांडली असती तर मला इतकं लागलं नसतं.

चार-पाच दिवसांनी मी गच्चीवर गेले तर माझा मोबाइल हळदीच्या डब्याला टेकवून उभा केलेला, समोर मुगाच्या पापडांची चादर, आणि ही छत्री धरून मोबाइलवर सावली करतेय. मी ओरडले. उन्हात फोन खराब होईल, पापडांवर लक्ष नाही, आणि काय काय. ती म्हणाली, "फक्त अजून दहा फोटो." दर अर्ध्या मिनिटाला एक असे तिने दोनशे दहा फोटो काढले होते, पावणेदोन तास उन्हात बसून. संध्याकाळी एका फुकटच्या अ‍ॅपमध्ये ते एकामागून एक लावले. सेकंदाला दहा फोटो, म्हणजे एकवीस सेकंदांची फिल्म. त्यात ओला पापड आधी नुसता पडून असतो, मग कडा हळूच उचलतो, मग सगळे पापड जणू झोपेतून उठल्यासारखे वाकायला लागतात आणि एक तर चक्क पलटी मारतो. काठीची सावली सगळ्यांवरून सरकत जाते. सासूबाईंनी ती फिल्म दहा वेळा पाहिली. पन्नास वर्षं पापड वाळवणाऱ्या बाईने पापड वाळताना कधी पाहिलाच नव्हता.

साडेचार हजार एका मुलावर गेले, आणि बनवून दाखवलं ते दुसऱ्या मुलाने, छत्री आणि हळदीच्या डब्यावर. तेव्हापासून शिबिरांकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

नंतर कुणीतरी तिला सांगितलं की दादासाहेब फाळक्यांनी हेच केलं होतं. मला फक्त 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३ आणि कोरोनेशन सिनेमा एवढं शाळेतलं आठवत होतं. पण त्याच्या आधी, १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर, फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढेल तसतशी कित्येक दिवस त्याची चित्रं घेतली. पडद्यावर ते रोप बघता बघता मातीतून वर येऊन वाढायचं. 'अंकुराची वाढ' असं त्या फिल्मचं नाव. ती बघूनच पैसे लावणाऱ्याला भरवसा वाटला की हा माणूस खरंच चित्रपट काढेल. आणि सरस्वतीबाई! फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम त्या अंधाऱ्या खोलीत बसून करायच्या, फिल्म धुवायला शिकल्या होत्या, सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याचकडे, आणि वेळ आली तेव्हा दागिने काढून दिले. तंत्रज्ञान म्हणजे पुरुषांचं काम असं कुणी म्हणालं तर मला आता त्या भोकं पाडणाऱ्या सरस्वतीबाई आठवतात.

तर शिबिर म्हणजे काय असावं? माझं माहेर पेणचं. पेणमध्ये उन्हाळ्यात कार्यशाळा शोधावी लागत नाही, प्रत्येक आळीत असते. गणपतीचे कारखाने मे महिन्यात जोरात असतात, आणि पेण शहरच नाही, हमरापूर, जोहे, सगळीकडे. आमच्या घरामागे एक कारखाना होता. मी सातवीत असताना एका सुट्टीत तिथे जाऊन बसायचे. मालकीणबाईंनी आठ दिवस मला फक्त घासायला दिलं. वाळलेल्या मूर्तीवर पॉलिश पेपर फिरवायचा, खड्डा राहिला तर बोट फिरवून शोधायचा. हात दुखले, कंटाळा आला. मग एक दिवस उंदीर रंगवायला दिले. तीनशे उंदीर रंगवले मी त्या मे महिन्यात! पहिले पन्नास मांजरासारखे दिसत होते. सोनेरी रंगाला हात लावू दिला तो पावसाळ्याच्या तोंडावर. आणि डोळ्यांची आखणी? ती कधीच नाही. ते काम घरातल्या सगळ्यात मुरलेल्या हाताचं. डोळे आखायला ते आजोबा बसले की आम्ही पोरं श्वास धरून उभी राहायचो, कारण त्या दोन रेघा चुकल्या की सगळी मूर्ती चुकली.

कुणी सर्टिफिकेट दिलं नाही. पण आजही भिंतीवर रंग देताना ब्रशला किती रंग घ्यायचा ते माझ्या हाताला कळतं. आणि एखादी मूर्ती पाहिली की मी आधी डोळे बघते, मग बाकीचं. (आपल्या जुन्या कल्पसूत्राच्या पोथ्यांमधली चित्रं पाहिलीत का? चेहरा एका बाजूला वळलेला आणि पलीकडचा डोळा गालाच्या बाहेर आलेला. लहानपणी मला ती चित्रं चुकलेली वाटायची. तो त्या चित्रकारांचा ठरवून घेतलेला डोळा आहे, हे फार नंतर कळलं.)

संगणकाचं शिबिर याहून वेगळं का असावं, हे मला समजत नाही. तिथेही आधी घासकाम, मग उंदीर, मग सोनेरी असंच चालायला हवं. पहिल्याच दिवशी मुलाच्या हातात डोळे आखलेली मूर्ती देऊन "बघ, तू बनवलीस" म्हणायचं, ही फसवणूक आहे. मुलांना ती कळते.

दुसरी शंका तुम्ही विचारालच. हे सगळं पनवेल-मुंबईचं, खांबसारख्या गावात कुठून आणायचं? मलाही तसंच वाटायचं. मग पाबळबद्दल वाचलं. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळ गाव आहे, कमी पावसाचं. डॉ. श्रीनाथ कालबाग नावाचे मोठ्या कंपनीतले संशोधक नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली, नापास झालेली मुलंसुद्धा हातांनी काम करता करता शिकतात, हे त्यांचं म्हणणं. वेल्डिंग, वायरिंग, शेती, खाद्यपदार्थ, आरोग्याच्या साध्या तपासण्या, सगळं खरं काम, गावाला लागणारं. आणि २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेने आपली 'फॅब लॅब' स्वतःच्या आवाराबाहेर पहिल्यांदा उभी करायची ठरवली तेव्हा ती या पाबळमध्ये आली. मुंबईत नाही, बेंगळुरूमध्ये नाही. फॅब लॅब म्हणजे असा कारखाना जिथे संगणकावर तुम्ही आकार काढता आणि यंत्र तो लाकडात, प्लास्टिकमध्ये कापून किंवा थरावर थर चढवून बनवून देतं. हे वाचल्यावर "आपलं गाव लहान आहे" हे वाक्य मी बोलणं बंद केलं.

यंत्रं तर आता आपल्या आसपासही आहेत. नीती आयोगाने २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब द्यायला सुरुवात केली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, आणि देशभरात दहा हजार शाळांत त्या झाल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत आणखी पन्नास हजार करायचं जाहीर झालं. तुमच्या मुलांच्या शाळेत अशी लॅब असेल तर मुख्याध्यापकांना भेटून एवढंच विचारा, "सर, मे महिन्यात किल्ली कुणाकडे असते?" शाळेला सुट्टी म्हणून लॅबलाही सुट्टी, आणि त्याच वेळी आपण बाहेर साडेचार हजार भरतोय, असं होऊ नये. चार आया एकत्र गेल्या तर दार उघडतं. एकटी गेले तर "बघू" म्हणतात, हा माझा सगळ्याच कचेऱ्यांचा अनुभव.

आम्ही काय केलं ते सांगते. मागच्या वर्षी, १२ मे २०२५ पासून, आमच्या दुकानामागच्या गोदामात आम्ही दहा दिवसांचं शिबिर घेतलं. गोदाम ही काही पहिली पसंती नव्हती. आधी एका ठिकाणी हॉल मागितला होता. पंखे, टेबलं, प्रोजेक्टर, सगळं तयार. अट पडली की फक्त आपलीच मुलं हवीत. मी म्हटलं, समोरच्या शिंपीकाकांची मुलगी माझ्या मुलीबरोबर पहिलीपासून एका बाकावर बसते, तिला मी दारात उभी करू का? त्यावर सगळे गप्प. मग साबणाची खोकी एका बाजूला रचली आणि गोदाम झाडून घेतलं. यावर तुमच्यातल्या काहीजणी माझ्यावर रागावल्या होत्या, मला माहीत आहे. माझं मत बदललेलं नाही. धर्माची पाठशाळा आपल्या मुलांची असते ते बरोबरच आहे, पण चित्र काढायला आणि गाडीला पट्टी कशी कळते ते समजून घ्यायला आडनाव कशाला हवं?

अकरा मुलं झाली, सहा मुली आणि पाच मुलगे. सकाळी आठ ते साडेदहा, म्हणजे ऊन चढायच्या आत घरी आणि चोविहाराचा प्रश्नच नाही. शिकवायला शेजारच्यांची भाची, लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणारी. उजेड गिळणाऱ्या पट्टीची गोष्ट मला समजावली ती हीच. लॅपटॉप तीन, त्यातला एक दुकानाच्या बिलांचा. बाकी घरातले जुने फोन, काच फुटलेले सुद्धा. प्रत्येकाकडून साडेपाचशे रुपये घेतले. चार हजार तिला मानधन, उरलेले दोन हजार पन्नास छपाई, एक्स्टेन्शन बोर्ड आणि कोकम सरबतात गेले.

सॉफ्टवेअर सगळं फुकट आणि कायदेशीर, हे मला आधी खरंच वाटेना. चित्रासाठी क्रिता, रेघांच्या आकृत्यांसाठी इंकस्केप, छोटे खेळ बनवायला एमआयटीचं स्क्रॅच, आणि थ्रीडीसाठी ब्लेंडर. ब्लेंडर किती भारी ते ऐका. 'फ्लो' नावाची लाटवियाची अ‍ॅनिमेशन फिल्म, एका मांजराची, एकही संवाद नसलेली, ती याच फुकटच्या ब्लेंडरवर बनली आणि मार्च २०२५ मध्ये तिला ऑस्कर मिळालं. म्हणजे ऑस्करवाल्यांचं सॉफ्टवेअर आमच्या गोदामात होतं. फक्त ते बिलाच्या लॅपटॉपवर इतकं हळू चालायचं की एक लाडू फिरवायला पाच मिनिटं लागायची. दोन दिवसांत थ्रीडी गुंडाळलं.

पहिले दोन दिवस संगणक उघडलाच नाही. कागद-पेन्सिल. प्रत्येकाने खांबमधलीच एक गोष्ट निवडायची, तिची सहा चौकोनांत चित्रकथा काढायची. मुलांनी तोंडं वाकडी केली. तिसऱ्या दिवशी मशीन सुरू झाली तेव्हा मात्र "काय करू?" असं एकानेही विचारलं नाही.

सगळं छान झालं असं समजू नका. चौथ्या दिवशी लाईट गेली ती दोन तास, आणि एका मुलीचं चित्र गेलं, कारण सेव्ह करायला कुणी सांगितलं नव्हतं. ती इतकी रडली की शिकवणारीही रडली. मुलगे कीबोर्ड सोडत नव्हते. मुली मागे उभ्या राहून "असं कर, तसं कर" सांगायच्या आणि बोटं मुलांची चालायची. आपल्या घरात रिमोटचं जसं असतं तसंच. मग मी स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आणून ठेवलं. वीस मिनिटं झाली की उठायचं, कुणीही असो. माझा धाकटाच दोनदा उठला नाही, त्याला एक दिवस घरी बसवला.

आणि बनलं काय? शिंपीकाकांच्या मुलीने इंकस्केपमध्ये ब्लाउजच्या कटिंगची आकृती काढली, माप बदललं की आकृती बदलून छापता येईल अशी. काका आता ती वापरतात. एका मुलाने स्क्रॅचमध्ये खेळ बनवला, हायवेवरचे खड्डे चुकवत एसटी कोलाडपर्यंत न्यायची. तो खेळ कुणालाच पूर्ण करता आला नाही, आणि त्याचं म्हणणं की ते बरोबरच आहे. माझ्या जावेच्या पापडांच्या पाकिटाला लेबल झालं. मोठीने क्षमापनेचं कार्ड केलं. संवत्सरीला दरवर्षी तेच चकचकीत, दिव्यांचं, इंग्रजी अक्षरांचं कार्ड आपण दोनशे जणांना ढकलतो ना? तिने स्वतःच्या अक्षरात 'मिच्छामि दुक्कडम्' लिहिलं, फोटो काढून संगणकावर रेघा साफ केल्या, खाली मजकुराला 'मुक्ता' फाँट लावला. हा फाँट मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी बनवलेला, कुणालाही फुकट वापरता येतो. भादव्यात ते कार्ड मी पाठवलं तेव्हा अकरा जणींनी उलट फोन केला. नुसत्या हात जोडलेल्या इमोजीऐवजी फोन! त्यातल्या एकीशी मी तीन वर्षं बोलत नव्हते.

एकवीस तारखेला आईबापांना सगळं दाखवायचं होतं. पण मागच्या वर्षीचा मे तुम्हाला आठवत असेल. वळवाने सुरुवात केली आणि मान्सून २६ मेलाच मुंबईत येऊन बसला, इतक्या लवकर कधी नव्हे तो. आमचं गोदाम एका कोपऱ्यात गळायला लागलं, पापड अर्धे ओले राहिले. शेवटी जूनच्या पहिल्या रविवारी दुकानाच्या आतल्या भिंतीवर पांढरी चादर लावून दाखवलं. पंचवीस माणसं, छत्र्या दारात.

आता तुमच्या हरकती. "स्क्रीन आधीच कमी आहे का?" ही हरकत मी निम्मी मान्य करते. पण रील बघणं आणि पापडाची फिल्म बनवणं यांत हॉटेलात जेवणं आणि स्वयंपाक करणं एवढा फरक आहे. बनवणारं मूल स्वतःहून कंटाळून उठतं, बघणारं उठत नाही. तरी अडीच तासांपलीकडे मी नको म्हणेन.

"आता एआय सगळं काढून देतं, मग शिकायचं कशाला?" पत्रकांमध्ये याचाच भाव सगळ्यात चढा आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्याच शिबिरात एआयने चित्र काढायला शिकवणं मला पटत नाही. वाक्य लिहिलं की चित्र हजर, पण त्यातला कुठला डोळा चुकलाय हे ओळखायला नजर हवी, आणि ती तीनशे उंदीर रंगवल्याशिवाय येत नाही. पुढे वापरू देत खुशाल. आमच्या गोदामात ते पहिल्या वर्षी नव्हतं, यंदाही नाही. एका मुलाच्या वडिलांनी त्यावरून नाव काढून घेतलं, त्यांची मर्जी.

फॉर्म भरताना मात्र जागं राहा. मुलीचा फोटो, आधार, वाढदिवस, सगळं मागतात आणि मग तिचे फोटो जाहिरातीत दिसतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची संमती घेणं सांगितलेलं आहे. "फोटो टाकू नका" असं लेखी द्या. आम्ही गोदामातल्या एकाही मुलाचा चेहरा कुठे टाकला नाही, फक्त हातांचे आणि कामाचे फोटो.

आणि राहिली मुलींची गोष्ट. "उद्या सासरी जाणार, तिला ब्लेंडर कशाला?" हे मला एका शिकलेल्या बाईने विचारलं. मी तिला म्हटलं, मी पण सासरीच आले आहे, आणि इथे येऊन दुकानाचा जीएसटी मीच भरते. मुलीला अंधारात पाठवायला जीव घाबरतो, तो माझाही घाबरतो. पण मग वेळ बदलायला सांगू या, चौघी मिळून एक रिक्षा ठरवू या. तेवढं न करता "नको" म्हणणं सोपं असतं. मी ते म्हटलेलं आहे, म्हणून सांगते.

मोठीची दहावी झाली, निकाल अजून यायचा आहे. तिने पेणच्या शासकीय तंत्रनिकेतनाची माहिती काढून कागद माझ्या पोळपाटाखाली ठेवला, हातात नाही दिला. मी तो वाचला. माझ्या भावाचं घर तिथेच आहे, राहायची सोय होते. यांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी दुकान बंद झाल्यावर सांगणार आहे, आणि या वेळी ती "बरं मम्मी" म्हणून पापडाला बसायच्या आत.

यंदाचं शिबिर ४ मेपासून, त्याच गोदामात, सकाळी आठला. कोपऱ्यातला पत्रा बदलला आहे. जुना फोन, पाण्याची बाटली आणि वही आणायची. कुणाकडे पडून असलेला लॅपटॉप असेल तर दहा दिवसांसाठी द्या, चार्जरवर नाव लिहून. मुलींच्या चार जागा शिल्लक आहेत.